पंचनाम्यातली झोप

माझी अक्का उभ्या आयुष्यात दुपारची कधी झोपली नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण सरकारी कागदावर नेमकं उलटं लिहिलेलं आहे, आणि ते लिहिलं जात होतं तेव्हा मी तिच्या शेजारी उभा होतो.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. लग्न होऊन ती अक्कलकोटकडं गेली होती. नवरा ट्रॅक्टरखाली सापडून गेला तेव्हा तिला तिशीही लागली नव्हती. मूलबाळ नव्हतं. वर्षभर सासरी काढलं आणि एका सकाळी एका पिशवीनिशी ती एसटीतून आमच्या गावात उतरली. आमचं गाव माढा तालुक्यात, सीना नदीच्या काठाला. वडील तेव्हा होते. त्यांनी तिला घरामागची चार गुंठे जागा आणि एक गाय दिली आणि म्हणाले, "भावाच्या तोंडाकडं बगायची येळ येऊ देऊ नगंस." भाऊ म्हणजे मी. मी तेव्हा सोलापुरात कॉलेजला होतो, आणि माझ्या तोंडाकडं बघून कुणाचं पोट भरेल अशी परिस्थिती नव्हतीही.

त्या एका गाईच्या अक्कानं वीस-बावीस वर्षांत सहा केल्या. विकत घेतलेली त्यात एकच, बाकी सगळी घरची पैदास. सासरहून तिनं दुसरं काही आणलं नव्हतं, कानडी मात्र आणली होती. ती बोलायला गावात कुणी नव्हतं, म्हणून ती गाईंशी बोलायची. 'बा, बा' म्हटलं की गाई तिच्याकडं चालत यायच्या आणि 'निल्लु' म्हटलं की जागेवर थांबायच्या. गाई माढ्याच्या आणि शाळा कानडी, अशी गावात चेष्टा चालायची. पहाटे चारला उठायचं, शेण काढायचं, वैरण टाकायची, धारा काढायच्या आणि डेअरीचं दार उघडायच्या आत कॅन घेऊन दारात उभं राहायचं. दुपारी पुन्हा वैरणीला रानात. सहा गाईंचं एकटीनं करणाऱ्या बाईला दुपारची झोप कुठली? लग्नकार्यातसुद्धा पंगत उठायच्या आत 'माज्या गाई' म्हणत ती निघायची, आणि आम्ही सगळे तिच्यावर चिडायचो.

मी सोलापुरात एका सरकारी कचेरीत कारकून आहे. आमच्या खात्याचा पाण्याशी संबंध एवढाच, की पावसाळ्यात ते आमच्या छतातून फायलींवर गळतं. पण हे गावाला पटत नाही. गावाच्या लेखी सरकार एकच, आणि त्यात आपला माणूस बसलेला आहे. कुणाचा सातबारा अडकला, कुणाची पेन्शन थांबली, कुणाच्या पोराचा दाखला निघेना, की फोन मला. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू? गावात गेलो की लोक 'साहेब' म्हणतात, पारावर सरकून जागा देतात. त्यातून एक वाईट खोड लागली. 'मला माहीत नाही' हे वाक्य माझ्या तोंडातून निघेनासं झालं. 'बघतो', 'विचारलंय', 'वर बोललोय', 'होऊन जाईल', ही माझी ठरलेली वाक्यं. ती मी वर्षानुवर्षं फेकत आलो आणि बहुतेक कामं आपोआप होऊनही गेली. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा कारभार. त्याचा जाब कुणी कधी विचारला नव्हता.

आता नदीचं. वर्षातले आठ-नऊ महिने आमची सीना म्हणजे वाळू, वेड्या बाभळी आणि मधूनमधून एखादं हिरवट डबकं. आमच्या गावानं पाण्याची वाट बघण्यात पिढ्या घालवल्या. माझ्या लग्नात वऱ्हाडाच्या आंघोळीला टँकर मागवला होता, आणि टँकर आला तेव्हा नवरीपेक्षा त्याचं कौतुक जास्त झालं. पाण्याला नावं ठेवायची नाहीत, हे आमच्याकडं पोरांना बोलायला लागल्यापासून शिकवतात. 'पाऊस लई झाला' असं कुणी म्हणालं तर म्हातारी माणसं दटावतात, की गप बस, ऐकंल तो.

अशा गावात नदी भरून आली तर तिला माहेरवाशीण मानतात. महादेवाच्या घाटाची तिसरी पायरी बुडाली की सवाष्णी तिची ओटी भरतात. खण, नारळ, तांदूळ, हिरव्या बांगड्या. लेकीची ओटी भरतात ती लेक सासरी निघताना. तेव्हा ओटी भरली की नदीनं समजून माघारी फिरायचं. आणि एकदा ओटी भरली की गावात कुणी घरातलं सामान हलवायचं नाही, गोठा रिकामा करायचा नाही. लेक दारात उभी असताना घरातली भांडी लपवल्यासारखं होतं ते. ही चाल कुणी पाडली ठाऊक नाही. माझ्या आठवणीत तिसरी पायरी चार-पाच वेळा बुडाली असेल, आणि दर वेळी ओटीनंतर पाणी उतरलं. ते उतरणारच होतं, पण नाव ओटीचं झालं. कचेरीत कामं आपोआप होतात आणि गावात नाव माझं होतं, त्यातलाच हा प्रकार.

ज्या पुराचं मी सांगतोय तो गेल्या पावसाळ्याच्या अखेरीला आला. नदीच्या वरच्या अंगाला धो धो पाऊस झाला होता आणि धरणांचे दरवाजे उघडले होते. आमच्या गावात त्याच्या आधीच उडदाला शेंगेतच मोड आले होते, कांदा रानात सडला होता. तरीही पाण्याला नाव कुणी ठेवलं नव्हतं. त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला तिसरी पायरी बुडाली. सवाष्णी जमल्या. पुढं होती आमच्या गल्लीतली थोरली काकू. हळदीकुंकवाच्या बाबतीत ती गावाची कलेक्टर. ओटी भरली, लोकांनी मोबाइलवर व्हिडिओ काढले. त्यातला एक मलाही आला. लालसर गढूळ पाणी, त्यावर तरंगत गेलेला हिरवा खण, आणि कुणीतरी मोठ्यानं हसत होतं.

अक्का त्या व्हिडिओत नव्हती. ओटीच्या वेळी विधवेनं पुढं यायचं नसतं. ती आपल्या गोठ्यापाशी होती. गोठा घरामागं, सखल जागेत, ओढ्याच्या कडेला. सगळं गाव नदीकडं तोंड करून उभं होतं तेव्हा अक्काला दिसलं, की ओढ्यातला पालापाचोळा उलट्या दिशेनं, रानाकडं चालला आहे. नदी ओढ्याच्या तोंडातून आत शिरत होती. तिनं दोन गाईंची दावी सोडली आणि त्यांना घेऊन वर माळाकडं निघाली. वाटेत घाटावरून परतणाऱ्या बायका भेटल्या. काकू तिला म्हणाली, "ओटी भरून अर्धा तास न्हाय झाला आन् तू जनावरं काडतीस? तुजं तर गेलं. आता गावाचं बी घालवतीस का?"

अक्कानं दोन्ही गाई माघारी नेऊन बांधल्या. हे मला नंतर काकूच्याच सुनेनं सांगितलं. अक्का याबद्दल कधी बोलली नाही.

मग तिनं मला फोन केला.

त्या वेळी आमच्या कचेरीत मोठ्या साहेबांचा निरोपसमारंभ चालला होता. शाल, श्रीफळ, नंतर शेंगापोळ्यांचं जेवण. दोन शब्द बोलायला माझं नाव पुकारलं होतं आणि मी माइककडं निघालो होतो. फोन अक्काचा म्हणून तोंडावर हात धरून घेतला.

"ओढा मागं फिरलाय रं," अक्का म्हणाली. "गाई माळाला नेऊ का? बायका नगं म्हणत्यात. पाणी किती येणार हाय, तुज्या हापिसात कळतं का बग की."

"विचारलंय मी," मी म्हणालो. "पाणी उतरायला लागलंय. तिथपर्यंत काही येत नाही. राहू दे गाई बांधलेल्या. उगाच लोकांच्या तोंडी लागू नकोस."

"इचारलंस नव्हं?"

"विचारलंय, विचारलंय."

मी कुणालाही विचारलं नव्हतं. विचारायचं कुणाला, हेही मला ठाऊक नव्हतं. फोन खिशात टाकला आणि साहेबांच्या वक्तशीरपणावर दहा मिनिटं बोललो. चांगलं बोललो. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि साहेबांच्या मिसेसनी डोळे पुसले.

दुपारी तीनच्या सुमाराला पाणी गावात शिरलं ते ओढ्याकडून, गावाच्या पाठीमागून. अक्का तेव्हा वरच्या रानात वैरण कापत होती. भावानं विचारलंय म्हटल्यावर ती रोजच्यासारखी कामाला गेली होती. आरडाओरडा ऐकून धावत खाली आली तेव्हा गोठ्यात कमरेएवढं पाणी होतं. दाव्याची गाठ ओली झाली की आवळते, आणि गाय ओढायला लागली की जास्तच. नशिबानं अक्काच्या हातात विळा होता. तिनं दोन दावी कापली. सवयीनं ती 'बा, बा' म्हणत होती, आणि ज्या बांधलेल्या होत्या त्यासुद्धा तिच्याकडं यायला धडपडत होत्या आणि हिसका बसून मागं जात होत्या. तिसऱ्या दाव्याला तिनं हात घातला तेव्हा पाणी गळ्याला लागलं होतं. शेजारच्या दोघांनी तिला काखेत धरून ओढून बाहेर काढलं. तिनं एकाच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. त्यानं मला ती खूण नंतर दाखवली. दाखवताना त्याचेच डोळे भरून आले. ज्या दोन गाई सुटल्या होत्या त्याही पाण्याच्या ओढीत वाहून गेल्या.

हायवे बंद होता, रेल्वेचं काही खरं नव्हतं. मी तिसऱ्या दिवशी कसाबसा पोचलो. तोवर अक्काचा फोन लागत नव्हता, कारण तोही पाण्यात गेला होता, आणि दोन दिवस मी घरात बायकोवर, पोरांवर, टीव्हीवरच्या बातम्यांवर उगाच खेकसत होतो. काय झालं म्हणून बायकोनं विचारलं. तिला मी फोनचं सांगितलं नाही.

गाव चिखलात बसलं होतं. घराघरापुढं भिजलेल्या गाद्या, लगदा झालेली ज्वारी, फुगलेल्या कपाटांच्या फळ्या. एका भिंतीवर कुणीतरी पोरींची शाळेची प्रमाणपत्रं वाळत घातली होती आणि त्यांवरची शाई उतरून भिंत निळी झाली होती. नदीकडच्या रानांतली काळी माती खरवडून गेली होती आणि खालचा मुरूम उघडा पडला होता. पीक गेलं तर पुढच्या वर्षी येतं. माती गेली त्याचं काय करायचं, हे तिथं कुणालाच सांगता येत नव्हतं. एक म्हातारा आपल्या बांधावर उभा राहून येईल त्याला विचारत होता, की माजं रान हेच का. बांधावरचं चिंचेचं झाड शिल्लक होतं म्हणून, नाहीतर ते आम्हालाही ओळखू आलं नसतं.

अक्का शाळेच्या व्हरांड्यात बसली होती. दोन्ही तळहात दाव्यानं सोलून निघाले होते, त्यांना कुणीतरी हळद लावली होती. मला बघून म्हणाली, "जेवलास का?" मला रडू कोसळलं. ती रडली नाही. माझ्या पाठीवर हात फिरवत राहिली आणि मी तो फिरवू दिला, याची मला आजही लाज वाटते.

मेलेल्या जनावराची मदत हवी तर जनावर दाखवावं लागतं. फोटो लागतो, कानातला पिवळा बिल्ला आणि त्यावरचा नंबर लागतो. नियम बरोबर असेल. असले नियम मी स्वतः टाइप केले आहेत. पण त्या नियमापायी आम्ही दोघं दोन दिवस नदीकाठानं गाई शोधत चाललो. गुडघाभर चिखल, वरून ऊन, आणि तो वास. पुढच्या गावांतली माणसंही तशीच हिंडत होती. कुणी भेटलं की एकमेकांना रंग सांगायचे. काळीबांडी, शेपटाला पांढरा गोंडा. तांबडी, एक शिंग मोडकं. एकानं आम्हाला सांगितलं की बंधाऱ्याला दोन लागल्यात, तिथं जा. आम्हीही एकाला सांगितलं की तुमची म्हैस उसात आहे, आणि त्यानं आमचे आभार मानले.

चार सापडल्या. दोन बंधाऱ्याला, एक उसात, एक बाभळीच्या काट्यांत अडकलेली. उसातलीच्या गळ्यात दावं होतं आणि दाव्याला खुंटा. तिनं खुंट्यासकट उपटलं होतं. अक्कानं फुगलेल्या मानेखाली बोटं घालून ते दावं काढलं. मग पदर भिजवून एकेकीचा कान पुसला, नंबर नीट दिसावा म्हणून. मी फोटो काढले. दोन शेवटपर्यंत सापडल्या नाहीत, त्यामुळं सरकारच्या लेखी त्या नव्हत्याच.

पंचनाम्याला तलाठी आली ती पंचविशीतली पोरगी होती. आठ दिवस ती गावोगाव चिखल तुडवत होती, आवाज बसला होता, तरी प्रत्येकाशी नीट बोलत होती. छप्पर वाहून गेलेल्या रिकाम्या गोठ्यात उलट्या घमेल्यावर बसून ती लिहायला लागली. भोवती अर्धी गल्ली जमली होती. काकू पदर तोंडाला लावून भिंतीशी उभी होती. मी अक्काच्या शेजारी.

"जनावरं बांधलेली होती की सुटी?"

"बांधल्याली."

"पाणी वाढतंय हे सकाळपासून दिसत होतं ना मावशी? मग सोडली का नाहीत?"

ती काही उलटतपासणी करत नव्हती. तिच्या कागदावर तशी एक ओळ होती, म्हणून तिनं विचारलं. पण अक्कानं सकाळी गाई सोडल्या होत्या आणि कुणी तिला माघारी धाडलं, हे तिथल्या निम्म्या बायकांना ठाऊक होतं. तिनं मला फोन करून विचारलं होतं, हे मला ठाऊक होतं.

"मी झोपले व्हते," अक्का म्हणाली.

"दुपारी?"

"व्हय. डोळा लागला."

काकू बोलली नाही, तिची सून बोलली नाही. मीही बोललो नाही. मनात म्हणालो, तिनंच मिटवलंय तर आपण उकरून हात दाखवून अवलक्षण कशाला करायचं? शिवाय मदतीला काही अडचण आली तर? अशी कारणं मला कचेरीत बसून बसून फार पटकन सुचतात. तलाठीनं लिहिलं आणि वाचून दाखवलं. 'सदर वेळी पशुमालक या घरी झोपलेल्या असल्याने जनावरे सोडता आली नाहीत.' वाक्य व्याकरणाला धरून होतं. अक्कानं सोललेल्या बोटांत पेन धरून सही केली. डेअरीच्या रजिस्टरसाठी ती सही करायला शिकली होती.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. बाई झोपली आणि सहा गाई बुडाल्या, ही गोष्ट गावभर झाली, मग तालुकाभर. ती सांगणं सगळ्यांनाच सोयीचं होतं. ओटीचं नाव राहिलं, काकूचं राहिलं, माझं तर राहिलंच राहिलं. सोलापुरात माझ्या बायकोच्या कानावरही ती गेली. ती म्हणाली, "वन्सं आणि दुपारी झोपल्या? मला नाही पटत." मी म्हणालो, "वय झालंय आता तिचं."

चार गाईंची मदत आली. ती घराचे पत्रे आणि पडलेली भिंत यांतच संपली. मी अक्काला सोलापूरला घेऊन आलो. इथंच राहा म्हणालो, आणि मनापासून म्हणालो. ती आठ दिवस राहिली. पहाटे चारला उठायची, आम्हाला जाग येऊ नये म्हणून दिवा न लावता स्वयंपाकघरात स्टुलावर बसून राहायची. एकदा दुधाची पिशवी हातात घेऊन तिनं दाबून बघितली, मग पुन्हा फ्रिजमध्ये ठेवून दिली आणि चहा कोराच प्यायली. नवव्या दिवशी म्हणाली, "मला जमंना हितं. हाताला काम न्हाय." मी तिला स्टँडवर सोडून आलो.

माळावर एकाचा मोठा गोठा आहे, पंचवीसेक गाईंचा. उंचावर असल्यामुळं त्याला पाणी लागलं नाही. तिथं ती रोजानं लागली. वीस वर्षं जिनं डेअरीत स्वतःच्या नावावर दूध घातलं, ती आता दुसऱ्याच्या गाईंचं शेण काढायला लागली. त्याच पहाटे चारला उठून. गावातली बरीच माणसं त्या हिवाळ्यात अशीच कुठं कुठं रोजानं गेली. ज्यांच्या रानात दरसाल ज्वारी पेरली जायची ती पेरणीच्या दिवसांत दुसऱ्यांच्या बांधावर दिसायला लागली. पंचनाम्यात माणसाची उतरलेली पायरी लिहायला रकाना नसतो.

संक्रांतीच्या आधी एका रविवारी मी तिला भेटायला त्या गोठ्यावर गेलो. गोठ्याचा मालक सज्जन माणूस आहे. मला खुर्ची दिली, चहा मागवला. अक्का कॅन विसळत होती. तिच्याकडं बघत तो कौतुकानं म्हणाला, "अक्का कामाला वाघ हाय बगा साहेब. फकस्त पयल्याच दिवशी सांगून ठिवलंय, दुपारचं झोपायचं न्हाय." तो हसला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. अक्काही त्याच्याबरोबर हसली.

तिचं ते हसणं मला सोसलं नाही. मालक आत गेल्यावर मी उठून तिच्याजवळ जाऊन उकिडवा बसलो.

"अक्का," मी म्हणालो, "त्या दिवशी मी कुणाला विचारलंच नव्हतं."

तिचा हात थांबला नाही. "मला ठावं हाय."

"कधी कळलं?"

"तवाच. माजं बोलणं सरायच्या आत तुजं उत्तर आलं. मदी कुणाला इचारणार व्हतास?"

"मग ऐकलंस का माझं?"

तिनं कॅनमधलं पाणी ओतलं, पुन्हा नवं घेतलं. मग म्हणाली, "मला बी कुणीतरी नगं म्हणाय पायजे व्हतं. काकूच्या इरोधात जाऊन त्याच गल्लीत ऱ्हायाचं व्हतं मला. तू म्हणलास, मला बरं वाटलं. माजी बी चूक हाय त्यात. त्याचा राग न्हाय माज्या मनात."

मला एकदम मोकळं वाटलं. खरं सांगायचं तर इतकं मोकळं वाटलं, की सोलापूरची एसटी किती वाजता आहे हेही मनात येऊन गेलं. एवढ्या दिवसांचं दडपण पाच मिनिटांत उतरलं होतं. मी तिच्या हातातला कॅन घ्यायला हात पुढं केला. तिनं तो दिला नाही. पालथा घालून पाणी निथळू दिलं आणि त्याच्याकडं बघत, नेहमीच्याच आवाजात बोलली.

"पर त्या पोरीनं लिवायच्या आदी पेन थांबवलं व्हतं. तिला बी पटलं न्हवतं मी झोपले म्हणून. ती तुज्याकडं बगत व्हती. मी बी तुज्याकडंच बगत व्हते. तू आभाळाकडं बगत व्हतास."